त्या घरांत दिवसभर असते कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बदलापूरवरचा पानभर लेख वाचला. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळीच लिहायला बसले. लहान मुले असलेल्या जोडप्यांनी राहावे तर तिथेच, असा त्याचा एकूण सूर आहे. जळगाव आवृत्तीत तो का छापला तेही समजते. आमच्या भागातली कितीतरी मुले आता कल्याणच्या पुढेच घरे घेतात, आणि त्याच पानाच्या तळाशी टू बीएचकेची जाहिरात होती.

लेखात कोंडेश्वरचा धबधबा आहे, बारवी धरण आहे, डोंगर, बागा, शाळा, कॅमेरे लावलेली संकुले, सगळे आहे. त्यातले काही खोटे नाही. मी तिथे राहिले आहे, हवा खरोखर चांगली आहे. पण सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत त्या संकुलांतल्या घरांत असते कोण, हे लेखकाने एकदाही विचारलेले नाही. माझा राग त्याचा आहे.

माझा मुलगा परळला नोकरीला, सून घाटकोपरला. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. गाडीतला वेळ दीड तास म्हणा, पण घरून स्टेशन, रिक्षाची रांग, चुकलेली लोकल आणि उतरल्यावरची पायपीट धरली की एका बाजूचे दोन तास जातातच. इतके लांब का गेले? तर ठाणे-मुलुंडकडचे घर दोन पगारांत बसत नव्हते. आणि बदलापूरच्या घराचा हप्ता एका पगारात बसत नाही, म्हणून दोघांपैकी कोणालाही घरी थांबता येत नाही. नातू सकाळी पाळणाघरात जायचा तेव्हा अर्धवट झोपेत असायचा, बाप रात्री यायचा तेव्हा पुन्हा झोपलेला. मुलाशी बोलायला त्याला रविवारच मिळायचा.

2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजाराच्या आसपास माणसे बाहेर काढावी लागली. ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. पण पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी लोकल अंबरनाथच्या पुढे सरकत नाही तेव्हा काय होते, ते टीव्हीवर येत नाही. अशीच एक संध्याकाळ आमच्या घरावर आली. सून अंबरनाथच्या अलीकडे गाडीत उभी, मुलगा ठाण्याच्या फलाटावर. पाळणाघर आठला बंद होते. तिथल्या बाईंच्या घरी आजारपण होते, त्यांचे एकामागून एक फोन, मुलाला घेऊन जा, मला निघायचे आहे. त्यांचा दोष नाही, ठरलेली वेळ होऊन गेली होती. सुनेने इमारतीतल्या ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. तीही माणसे त्याच गाड्यांत अडकलेली! शेवटी वॉचमनची बायको जाऊन मुलाला घेऊन आली. स्वतःच्या पत्र्याच्या खोलीत बसवून तिने त्याला खिचडी भरवली आणि आई येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत, मांडीवर घेऊन बसली. त्या बाईचे नाव माझ्या सुनेला तोपर्यंत माहीत नव्हते. मी इकडे पाचोऱ्याला फोन हातात धरून येरझाऱ्या घालत होते. तीनशे किलोमीटरवरून मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, "आई, तू ये. तुनाशिवाय आमनं भागस नही." घरातली अहिराणी तो एरवी विसरल्यासारखा वागतो. मी त्याच आठवड्यात गेले.

कोणी म्हणेल, ऑफिसात पाळणाघर असते की. 2017 साली मातृत्व लाभाचा कायदा बदलला. 26 आठवड्यांची रजा झाली आणि 50 किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. कायदा चांगला आहे. पण दीड वर्षाचे पोर कडेवर घेऊन सकाळच्या गर्दीत बदलापूरहून घाटकोपरपर्यंत कोणती आई जाईल? बायकांच्या डब्यात धड उभे राहायला मिळाले तरी पुष्कळ. 2025 च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसे पडली आणि जिवाला मुकली. त्या गर्दीत मूल घेऊन शिरायचे? मुंबईत नोकरी आणि इतक्या लांब घर असले की ऑफिसातले पाळणाघर असून नसल्यासारखे.

मग सोय कोण करते, तर आम्ही. संध्याकाळी त्या लेखातल्या बागेत जाऊन बघा. बाकांवर आज्याच आज्या. कोणी धरणगावची, कोणी शिरपूरची, कोणी साक्रीची, एक परभणीकडची, एक चिपळूणची. प्रत्येकीच्या हातात नातवाची पाण्याची बाटली आणि प्रत्येकीचा माणूस गावाकडे एकटा. शिरपूरच्या बाईंच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली, ते स्वतःच्या हाताने खिचडी लावून दिवस काढत होते. आमच्याकडेही तेच. शेत आहे, कापूस वेचणीला आलेला, घर बंद ठेवता येत नाही. म्हणून हे पाचोऱ्याला आणि मी बदलापूरला. मोठ्या जाऊबाई दोन भाकरी पाठवायच्या म्हणून निभावले. चाळीस वर्षांचा संसार झाल्यावर नवरा-बायकोने दोन गावांत राहायचे, म्हणजे तिसऱ्या पिढीला तुम्ही वर्णन केलेले सुख मिळणार! लेखात त्या आज्यांविषयी एक ओळ नाही. बागेचा फोटो मात्र आहे, आणि त्यात मागे बाकावर दोन आज्या दिसतातही.

सगळ्यात वाईट वाटले ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते. झोका बांधायचा, गाणी म्हणायची, खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या. त्या वर्षी सुनेला सुट्टी मिळाली नाही म्हणून मला निघता आले नाही. लेक माहेरी आली आणि माहेरी आईच नव्हती. तिने वडिलांना दोन दिवस रांधून घातले, घर आवरले आणि सासरी परत गेली. तोंडाने ती काही बोलली नाही. ती एक शब्द बोलली असती तर मला बरे वाटले असते.

आणखी एक. 2024 च्या ऑगस्टमध्ये याच बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरचा अत्याचार उघडकीला आला, लोक रुळांवर उतरले आणि कित्येक तास लोकल बंद राहिल्या. शाळांची स्तुती करणाऱ्या पानभर लेखात त्याचा उल्लेख नसावा? ती माणसे चिडली कारण दिवसभर मूल दुसऱ्याच्या हवाली करण्यावाचून त्यांना इलाज नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तोच फिरला तर आईबाप दोन तासांच्या अंतरावर.

मुलांनी तिकडे राहू नये असे मी म्हणत नाही. पाचोऱ्यात त्यांना तशी नोकरी नाही, हे मलाही कळते. माझे मागणे एवढेच की बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव अशा प्रत्येक स्टेशनाला लागून तिथल्या नगरपालिकेने, महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने पाळणाघर चालवावे. प्रशिक्षित बायका असाव्यात, त्यांना नीट पगार असावा, आणि गाड्या उशिरा आल्या तर तेही उशिरापर्यंत उघडे राहावे. सकाळी गाडीत चढताना मूल सोडायचे, संध्याकाळी उतरल्यावर उचलायचे. बिल्डरांकडून विकासाचे पैसे घेता, त्यातून एवढे करा. तुमच्या वार्ताहराने नगरपालिकेला हे विचारले असते तर तो लेख कामाचा झाला असता.

जाता जाता रेल्वेचे. भुसावळ-मुंबई पॅसेंजर कोरोनात बंद झाली ती झालीच. आता मेमू इगतपुरीपर्यंत नेऊन सोडते. पॅसेंजरने मी बाजरी, डाळी, बिबडे, लोणच्याची बरणी असे सगळे घेऊन थेट कल्याणला उतरायची, आणि तिकीटही कोणालाही परवडेल असे होते. आता आरक्षण नसेल तर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चाळीसगावच्या पुढे पाय ठेवायला जागा नसते, गुडघे दुखणाऱ्या बाईने त्यात कसे चढायचे? ही गाडी पूर्वीसारखी मुंबईपर्यंत सुरू व्हावी यासाठी आपण बातमी लावून धरावी. पुरवणीत जागा नसेल तर पहिल्या पानावर द्या.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पाचोरा