कुत्रा फिरवणाऱ्यांच्या वेळेचा हिशोब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अ‍ॅपवरून बुकिंग घेऊन मी लोकांचे कुत्रे फिरवते. पैसे मिळतात अर्ध्या तासाच्या फेरीचे. पण घरापर्यंत पोचणे, पट्टा नीट बसवणे, परतल्यावर पाय पुसून पाणी ठेवणे, मालकाला फोटो पाठवणे, हे सगळे त्या दरातच धरलेले असते. पहिल्या बुकिंगआधीची ओळखभेट तर बहुधा बिनपैशाचीच. ती टाळता मात्र येत नाही. अनोळखी माणसाला बुजणारा कुत्रा पट्ट्यातून मान सोडवून रस्त्यावर पळाला तर?

वर अ‍ॅपचे कमिशन. अमेरिकेतल्या ‘रोव्हर’ या अशाच अ‍ॅपवर ते साधारण २० टक्के आहे, ‘वॅग’वर ४० टक्के. त्यामुळे ग्राहक भरतो ती रक्कम आणि आमच्या हाती येते ती, यांत बरेच अंतर पडते.

काही ग्राहक दोन-तीन फेऱ्यांनंतर म्हणतात, “ताई, अ‍ॅप कशाला? थेट देतो.” मी नकार देते. कुत्रा कुणाला चावला किंवा त्यालाच इजा झाली, तर अ‍ॅपचे जे काही संरक्षण असते ते बाहेरच्या कामाला लागू होत नाही, आणि खातेही बंद होऊ शकते.

सर्वांत जास्त सलते ते ऐनवेळचे रद्द करणे. ती वेळ मी दुसऱ्याला नाकारलेली असते. म्हणून अ‍ॅपवाल्यांनी बुकिंग स्वीकारण्याआधीच कमिशन वजा जाता रक्कम दाखवावी, आणि उशिरा रद्द केल्याचे शुल्क फिरवणाऱ्याला द्यावे. ग्राहकांनीही घरात दुसरा कुत्रा असेल तर तो बुकिंगमध्ये लिहावा, दारात सांगू नये.

आपली,
एक वाचक