‘डिबंक’ला मराठीत काय म्हणायचं?

सातारा, ८ जुलै

प्रिय मन्या,

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ‘डिबंक’ला, म्हणजे खोटा दावा खोडून काढण्याला, मराठी शब्द हवाय, लवकर कळव, असं तू दोन ओळींत लिहिलंस आणि मी चार दिवस त्या शब्दाच्याच मागे आहे.

त्यातलं ‘बंक’ हे मुळात एका ठिकाणाचं नाव निघालं. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात बंकम नावाची काउंटी, म्हणजे जिल्हाच म्हण, आहे, ॲशव्हिल शहर तिथलंच. १८२० साली मिझुरीला गुलामगिरीसकट राज्य म्हणून घ्यायचं का, यावर वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात लांबलचक वाद चालला होता. सगळे कंटाळले, मतदान घ्या म्हणून ओरडू लागले, आणि नेमके तेव्हाच बंकमकडचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहिले. काही केल्या खाली बसेनात. म्हणाले, मला बंकमसाठी बोलायचंय. तेव्हापासून पोकळ बडबडीला बंकम म्हणू लागले, आणि झिजून त्याचं ‘बंक’ झालं. पुढे १९२३ साली विल्यम वुडवर्ड यांनी ‘बंक’ याच नावाच्या कादंबरीत ‘डिबंक’ हे क्रियापद घडवलं: एखाद्या गोष्टीतला बंक काढून टाकणं.

पण मला चटका लावला तो त्या नावाच्या मूळ मालकाने. एडवर्ड बंकम हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला कर्नल. १७७७ मध्ये जर्मनटाउनच्या लढाईत जखमी झाला, ब्रिटिशांच्या हाती लागला आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात कैदी असतानाच वारला. त्याची आठवण म्हणून काउंटीला नाव दिलं, आणि आज जगभर ते थापेला चिकटलंय. फार वाईट वाटलं रे. वॉकरनेही कुणाला फसवलं नव्हतं, कुणासाठी बोलतोय ते त्याने उघड सांगितलं होतं. बोलणं पोकळ होतं, एवढंच.

म्हणून मला ‘पर्दाफाश’ नको वाटतो. फारसीतून आलेला हा शब्द, पडदा आणि ‘फाश’ म्हणजे उघड. पडद्याआड मुद्दाम दडून बसलेला कुणीतरी त्यात धरलेलाच असतो. पितळ उघडं पडतं तेही सोन्याचा मुलामा कुणी चढवलेला असेल तर. ‘खंडन’ चालेल, पण ते वादसभेतलं, आठवीच्या मुलांना लांबचं वाटेल.

गेल्या वर्षी अण्णांनी आमच्या घरच्या ग्रुपवर मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या काढ्याचा निरोप टाकला होता. मी सगळ्यांसमोर तो खोडून काढला, ‘असल्या थापा पसरवू नका’ असंही लिहिलं. काढा खोटाच होता. पण अण्णांनी थाप मारली नव्हती, त्यांनी ती खरी मानून काळजीने पाठवली होती. त्यानंतर दोन महिने ते ग्रुपवर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मी निरोप आणि माणूस वेगळे काढायला हवे होते.

तर माझा शब्द आहे ‘पाखडणं’. सुपात दाणे घोळून फोल उडवायचं, दाणा राखायचा. ‘आलेला निरोप पाखडून घ्या’, मुलांना लगेच कळेल. भित्तिपत्रकावर एक सूपही काढता येईल.

फक्त छापण्याआधी एकदा काकूंना वाचून दाखव. त्यांच्या घरी अजून सूप वापरात आहे. त्यांना हा शब्द खटकला तर मला कळव, मी पुन्हा शोधतो.

तुझा,
विनू