तक्रार: जिनोआ १३० टक्क्यांचा मागितला होता, आलाय जवळपास १५० चा

नमस्कार,

माझ्या बोटीसाठी नवीन जिनोआ (पुढचं मोठं शीड) तुमच्याकडून शिवून घेतला, पावती आणि मी भरून दिलेला मापाचा फॉर्म दोन्ही सोबत जोडलंय. तीन फोन करून झाले, दरवेळी "बघतो सर" आणि पुढे काही नाही, म्हणून आता लेखीच देतोय.

फॉर्ममध्ये मी J चं, म्हणजे डोलकाठीपासून पुढच्या ताणदोरापर्यंतच्या अंतराचं, माप ३.९ मीटर लिहिलंय, आणि साइझ त्याच्या १३० टक्के. म्हणजे क्लूपासून (शिडाचा मागचा खालचा कोपरा) लफपर्यंत (पुढची कड) काटकोनात मोजलं तर साधारण ५.०७ मीटर यायला पाहिजे, साधा गुणाकार आहे. शीड आलं ते लावलं तेव्हाच मोठं वाटलं, पण म्हटलं नवीन आहे, वाटत असेल. नंतर ते काढून हॉलमध्ये सगळं फर्निचर बाजूला सारून पसरलं, लफला दोरी ताणून धरली आणि टेप लावला तर ५.७५! म्हणजे १४७ टक्के. दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा बायकोला टेप धरायला लावून.

यावर तुमच्या माणसाचं उत्तर काय, तर "मोठं असलेलं चांगलंच ना, हलक्या वाऱ्यात पळेल, आणि वारा वाढला की फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रावर) गुंडाळा." अहो हेच तर नको होतं म्हणून १३० सांगितलं ना! आम्ही दोघंच असतो बोटीवर, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी माणसं, दुपारनंतर वारा वाढणार हे गृहीतच धरलेलं. १३० चं शीड गुंडाळून १०० पर्यंत आणलं तरी आकार बरा राहतो, फोम लफ (लफमध्ये शिवलेली फोमची पट्टी) त्यासाठीच तर घेतला होता, मधे जाड आणि टोकांना बारीक असतो म्हणून गुंडाळताना मधलं पोट खेचून घेतो. (फोम तुम्ही लावलाय, चांगला लावलाय, शिवणही छान आहे, खोटं कशाला बोलू.) पण १४७ वरून तिथपर्यंत यायचं म्हणजे एक तृतीयांश शीड गुंडाळायचं, एवढं तो फोम तरी कुठून पुरा पडणार? मागच्या रविवारी वारा १८ नॉटवर गेला, गुंडाळलं, तर पुढे नुसती झोळी लोंबत होती. बोट एका अंगावर कलंडलेली, सुकाणू दोन्ही हातांनी धरून बसलोय आणि वाऱ्याच्या दिशेने चढायचं नाव नाही. शेवटी इंजिन लावून परत आलो.

पूर्ण उघडलं तरी बरं आहे असं नाही. क्लू इतका मागे येतो की कार (शिडाची दोरी जिच्यातून जाते ती सरकती पुली) ट्रॅकच्या शेवटच्या भोकात नेली तरी पुढेच पडते, लीच (मागची कड) ताठ आणि खालचा फुट ढिला. ट्रॅक माझ्या बोटीचा आहे तेवढाच आहे, तो वाढवून मिळणार नाही.

आता दुसरी गोष्ट. उन्हापासून वाचवणारी यूव्ही पट्टी चुकीच्या बाजूला शिवलीय. जुन्या शिडाला ती स्टारबोर्डला (उजवीकडे) होती, फॉर्ममध्ये तशी खूण केलीय, फोटो पण पाठवला होता. तुम्ही पोर्टला (डावीकडे) लावलीत. त्यामुळे शीड गुंडाळलं की पट्टी आतमध्ये सावलीत आरामात आणि पांढरं डॅक्रॉन (शिडाचं कापड) दिवसभर उन्हात! यावर सल्ला मिळाला की फर्लरच्या ड्रमवर दोरी उलटी गुंडाळा. मग दोरी दुसऱ्या बाजूने बाहेर येते, आणि माझ्या सगळ्या पुली डाव्या बाजूला, दोरी ड्रमच्या पिंजऱ्याला घासणार. तुमची चूक झाकायला मी बोट बदलू का?

मला पैसे परत नकोत, शीड नीट करून हवंय. लीच कापून १३० वर आणा, क्लू नवीन करा, पट्टी स्टारबोर्डला घ्या. तसंही लीच कापायची म्हणजे पट्टी उसवावीच लागणार, मग परत लावताना बाजू बदलायला जास्तीचं काम कसलं? याचा खर्च आणि दोन्हीकडची वाहतूक तुमच्याकडे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर मला ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

शीड घडी करून पिशवीत भरून ठेवलंय, न्यायला कधी येताय ते कळवा. आणि यावेळी कात्री लावायच्या आधी आकडे मला पाठवा, मी बघून हो म्हटलं की मगच कापा.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक