सगळ्या फाईलींना सरसकट ७७७ परमिशन देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे, मी त्यात हौसेने काम करतो. रोज रात्री इथल्या कॉम्प्युटरवरचे स्कॅन आरसिंकने (फाईली एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणारं, १९९६ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर आहे, भरवशाचं) पुण्याच्या सर्व्हरवर जातात. गेल्या महिन्यात वेबसाईटवर कुठलाही अंक उघडला की ४०३, फोर्बिडन, म्हणजे बघायला मनाई. फाईली पोचलेल्या, साईझ पण बरोबर, मग अडलं कुठं?

लिस्ट काढली तर प्रत्येक फाईलची परमिशन (कुणी काय करायचं ते ठरवणारा आकडा) ६००, म्हणजे मालक सोडून कुणी वाचायचंच नाही. आमच्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर फाईल तशीच बनवतं आणि आरसिंकला 'ए' ऑप्शन दिला की तो परमिशन जशीच्या तशी नेतो. मालकाचं नाव बघून तर मी हादरलोच. तिकडे सगळं रूटने (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरने) चालत होतं म्हणून मालकी पण सोबत गेली, आरसिंक आधी युजरचं नाव जुळतंय का बघतो, नाही जुळलं तर नुसता नंबर लावतो, आमचा स्कॅनवाला युजर १००१ आणि त्या सर्व्हरवर १००१ म्हणजे कुणा शिकाऊ मुलाचं अकाऊंट!

सर्व्हर बघणाऱ्यांनी दहा मिनिटात सगळ्याला ७७७ मारलं, "झालं काका, बघा आता" म्हणून फोन ठेवला. साईट चालू झाली हे खरं. पण ४ वाचायचे, २ लिहायचे, १ चालवायचा, मिळून ७, आणि ते तीनदा, मालक, ग्रुप आणि बाकी सगळे, म्हणजे त्या मशीनवर ज्याचं कुणाचं अकाऊंट असेल तो आमचे अंक बदलू शकतो, पुसू शकतो. काही अंकांचा कागद पान उलटताना तुटतो हो, ते परत स्कॅन होणार नाहीत.

याची काही गरजच नव्हती. आम्ही मालकी एकदा नीट करून घेतली, रूट बंद करून साधा वेगळा युजर ठेवला आणि आरसिंकच्या परमिशन ठरवणाऱ्या सीएचमॉड ऑप्शनमध्ये फोल्डरला ७५५, फाईलला ६४४ लिहिलं, म्हणजे बदल फक्त मालक करणार, बाकीचे नुसतं बघणार. आधी 'एन' आणि 'आय' लावून ड्राय रन घेतला, त्यात काहीही न पाठवता काय बदलणार ते दिसतं, परमिशन बदलणार असेल तर त्या ओळीत 'पी' येतो. मग एका रात्रीत जुन्या फाईलींचं ७७७ पण गेलं, फाईली परत पाठवायला लागल्या नाहीत.

इतर वाचनालयंही अशी कामं बाहेर देतात, त्यांनी काम देतानाच फाईलींचा मालक कोण आणि परमिशन कुठली हे कागदावर लिहून घ्यावं, एवढी विनंती आपल्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचवा.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा