हायरोनिमोच्या वेडाला कात्री नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सूडनाट्यांवरील आपल्या पुरवणीतील लेखात एलिझाबेथकालीन इंग्रज नाटककार टॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ या नाटकातला हायरोनिमो ‘मुलाच्या खुनाने वेडा होऊन रक्ताचा सडा घालणारा बाप’ असा रंगवला आहे. कापून बसवलेल्या प्रयोगांत तो असाच दिसतो, हे खरे. मूळ संहिता मात्र वेगळे सांगते.

हायरोनिमो स्पेनच्या दरबारात न्यायदान करणारा अधिकारी आहे. हे विसरले की नाटकाचा कणाच मोडतो. त्याचा मुलगा होरेशियो याला लताकुंजात फासावर चढवून भोसकले जाते, तेव्हा बाप लगेच तलवार उपसत नाही. मुलाच्या रक्ताने माखलेला हातरुमाल तो जपून ठेवतो आणि पुरावा शोधू लागतो. होरेशियोची प्रेयसी बेल-इम्पीरिया हिने शाईऐवजी रक्ताने लिहिलेले, मारेकऱ्यांची नावे सांगणारे पत्र हाती येते, तरी त्याला त्यात सापळ्याचा वास येतो. पुढे वेगळ्याच खुनासाठी तो तिचा नोकर आणि होरेशियोच्या खुनातला साथीदार पेद्रिंगानो याला फाशी सुनावतो. माफीपत्र पेटीत आहे या भरवशावर तो इसम फासाखालीही थट्टा करत राहतो. पेटी रिकामी असते. त्याच्या अंगावर सापडलेल्या चिठ्ठीने हायरोनिमोची खात्री पटते. इतरांना न्याय देणारा हा माणूस मग स्वतःसाठी न्याय मागायला राजाकडे जातो, तर मुलाचा मारेकरी लोरेंझो, राजाचा सख्खा पुतण्या, त्याला मागे सारतो. राजाला होरेशियो मेल्याचीही खबर नसते. हायरोनिमो खंजिराने जमीन उकरू लागतो. लोरेंझो लगेच सांगतो, याचे डोके ठिकाणावर नाही, होरेशियोने युद्धात पकडलेल्या पोर्तुगीज राजपुत्राच्या खंडणीचा याला लोभ सुटला आहे.

वेळ वाचवायचा म्हटला की कात्री नेमकी इथे आणि पुढच्या प्रवेशात चालते. त्या पुढच्या प्रवेशात तीन फिर्यादी आपापले कागद घेऊन येतात. त्यांच्यामागे एक म्हातारा मुकाट उभा असतो, त्याच्याही मुलाचा खून झालेला आहे. त्याचे डोळे पुसायला हायरोनिमो खिशातून रुमाल काढतो, आणि तो होरेशियोचा निघतो. ‘हा नको’ म्हणत तो हात मागे घेतो आणि हाताला लागतील ती नाणी, अखेर अख्खी थैली म्हाताऱ्याला देऊन टाकतो. नंतर फिर्यादींचे कागद दातांनी फाडतो. एक जण कळवळतो, माझा भाडेपट्टा, दहा पौंड पडले होते! हायरोनिमोचे उत्तर असे, की मी त्या कागदाला जखमच केली नाही. त्यातून रक्ताचा एक थेंब गळलेला दाखव. कायद्याची भाषा आणि खुनाची भाषा त्याच्या डोक्यात एकमेकींत मिसळली आहे. हा प्रवेश गाळला तर शेवटच्या अंकातला रक्तपात प्रेक्षकाला नुसता भडक वाटतो, आणि मग दोष किडला दिला जातो.

उलटी चूकही होते. नाटकाच्या 1602 च्या आवृत्तीत पाच नवे उतारे घातले गेले. चित्रकाराचा प्रसिद्ध प्रसंग त्यांतलाच. हे सगळे उतारे घेतले तर हायरोनिमो प्रेत पाहताक्षणीच भ्रमिष्ट होतो, हा होरेशियो नव्हेच म्हणू लागतो, आणि पुढे चढायला पायरीच उरत नाही. शिवाय चित्रकारही मुलगा गमावलेला बाप; म्हणजे म्हाताऱ्याच्या प्रसंगाची पुनरुक्ती. दोहोंपैकी एक घ्यावा. माझे मत म्हाताऱ्याच्या बाजूने, कारण रुमाल तिथे आहे.

रुमाल तालमीत एक चालेल, प्रयोगाला दोन लागतात. खुनाच्या रात्री कोरा पांढरा, जो सदऱ्याखालच्या रक्ताच्या पुडीवर दाबताच भिजेल. म्हाताऱ्याच्या आणि शेवटच्या प्रवेशासाठी तसाच दुसरा, पण आधीच डागाळून वाळवलेला, तपकिरी, कडक. तिथे लालभडक रुमाल निघाला तर मधला सगळा काळ पुसला जातो.

फाशीचेही तसेच. वजन कमरेच्या आणि छातीच्या पट्ट्यावर पेलावे, गळ्यातला फास ताण येताच सुटणारा हवा. रंगसूचनेप्रमाणे हायरोनिमो दोर कापून प्रेत खाली उतरवतो, आणि त्या क्षणी तो एकटा असतो. पाय जमिनीपासून वीतभरच वर ठेवावेत. उंच टांगलेले शरीर एकट्याला पेलत नाही, नट धडपडतो आणि शोकाच्या ऐन क्षणी प्रेक्षागृहात खसखस पिकते.

हायरोनिमोची बायको इझाबेला हिचा कुंज तोडण्याचा प्रवेश तर बिनदिक्कत उडवला जातो. तिच्याकडे ना पद आहे ना पुरावा, म्हणून ती मुलाला जिथे मारले ती जागाच उजाड करते आणि स्वतःला भोसकून घेते. प्रवेश अगदी छोटा आहे. मोडलेल्या फांद्या मंचावर तशाच पडू द्याव्यात. पुढच्याच प्रवेशात हायरोनिमो, ज्यात तो सूड उगवतो त्या नाटकातल्या नाटकासाठी, पडदा बांधायला येतो. त्याला त्या ओलांडून यावे लागेल.

आपला,
एक नाट्यअभ्यासक वाचक