प्रकल्पांचा कोड तपासायला हवा

महोदय,

एसीएम (असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी) या संगणकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी शाखांनी हॅकेथॉनच्या, म्हणजे सलग काही तास चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या, पलीकडे जायला हवे. १९४७ साली स्थापन झालेली ही संस्था, लेखकांची तयारी असल्यास, शोधनिबंधासोबतचा कोडही तपासून घेते: तो दुसऱ्याच्या यंत्रावर चालतो का, माहिती पुरेशी आहे का. ‘उपलब्ध’ हा शिक्का मिळवायला कोड कायमस्वरूपी संग्रहात, डीओआयसारख्या (डिजिटल दस्तऐवजाचा कायमचा ओळख क्रमांक) एकमेव क्रमांकासह ठेवावा लागतो. वैयक्तिक वेबपानावरचा चालत नाही, कारण ते पान कधीही बंद पडू शकते.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना हीच कसोटी लावावी. त्यांत वापरलेल्या लायब्ररींच्या (तयार कोडच्या संचांच्या) आवृत्त्या नोंदवलेल्या नसतात, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) ठरवलेला नसतो, डेटाच्या फाइलचा मार्ग स्वतःच्याच लॅपटॉपचा असतो. मग अहवालातले आकडे पुन्हा येणार कसे? सादरीकरणाआधी दुसऱ्या गटाने कोऱ्या यंत्रावर, फक्त रीडमी (कोडसोबतची सूचनांची फाइल) वाचून, प्रकल्प चालवून पाहावा. याला खर्च काहीच नाही.

– संगणकशास्त्राचे काही अध्यापक, पुणे