चांदीचं गलबत

अथेन्स

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

गलबताचा फोटो पाहून तू आधी वजन आणि घडणावळच विचारलीस. सोनाराचा मुलगा, दुसरं काय विचारणार! प्राचीन ग्रीक युद्धनौकेची, त्रिरेमची, ही प्रतिकृती तळहातावर मावेल एवढीच आहे. अंग पत्र्याचं, वल्ही तारेची, एकेक डाख देऊन बसवलेली. खाली ९२५चा, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीचा, शिक्का. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना टपोरे डोळे कोरलेत, ती मात्र कारागिराची हौस नव्हे. खऱ्या जहाजांनाही डोळे असत; अथेन्सच्या पिरेअस बंदरात तसले संगमरवरी डोळे सापडलेत. त्यांच्या पुढची ती चोच म्हणजे शत्रूचं जहाज फोडायचं हत्यार, ओतीव काशाचं. इस्रायलच्या अथलितजवळ समुद्रात १९८० साली असंच एक मिळालं, जरा नंतरच्या काळातलं. त्याचं वजन ४६५ किलो!

वल्ह्यांच्या बाबतीत कारागिरानं हात आखडता घेतलाय. त्यानं दोनच रांगा केल्यात. खऱ्या त्रिरेममध्ये तीन असत आणि वल्हेकरी १७०: वर ६२, मधे ५४, तळाला ५४. शीडही उगाच फुगवलंय. लढाईला निघताना मोठं शीड शक्यतो किनाऱ्यावरच ठेवत. अर्थात, शिडाशिवाय हे दुकानात कुणी हातात घेतलं नसतं.

चांदी मात्र इथे अगदी शोभते. इ.स.पू. ४८३च्या सुमारास अथेन्सजवळच्या लाव्रिओच्या खाणीत घबाड लागलं. माणशी दहा द्राख्मा (तिथली चांदीची नाणी) वाटून घ्यायचं घाटत होतं. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस यानं एजिना बेटाशी चाललेलं वैर पुढे केलं आणि त्या पैशातून जहाजं बांधायला लावली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस २०० म्हणतो. हातातोंडाशी आलेला पैसा लोकांना सोडायला लावायचा, तोही सभेत! आपल्या सोसायटीत करून दाखव बघू. इराणी चालून येणार हे त्यानं ओळखलं असावं, असं मला वाटतं. इ.स.पू. ४८० मध्ये अथेन्सजवळच्या सालामिस बेटापाशी चिंचोळ्या समुद्रात याच आरमारानं त्यांना धूळ चारली. त्या विजयाचे पुतळे आहेत, पण लाव्रिओच्या अरुंद बोगद्यांत दिव्याच्या उजेडात राबलेल्या गुलामांची नावंसुद्धा कुणी फारशी घेत नाही.

इथे आलास की पालेओ फालिरोला नेतो. १९८७ साली पाण्यात उतरवलेली ‘ऑलिम्पियास’ ही पूर्ण आकाराची त्रिरेम तिथे ठेवलीय. तिच्या वल्ह्यांखाली उभं राहिलास की घडणावळ विसरशील.

आणि हो, वल्ह्यांच्या सांध्यांत चांदी काळवंडायला लागलीय. रिठ्याच्या पाण्यात बुडवू, की डाख सुटतील? काकांना विचारून लगेच कळव.

तुझा,
अनिल